कोरियन आयी, येमेनचा पोरगा आणि माझं अडकलेलं चिनी : एक प्रकरण

माझी मामेबहीण नर्सिंग करून आता जर्मनीला निघालीय. जर्मन भाषेची बी-टू पातळी झालीय तिची, तिकडे गेल्यावर अजून सहा महिने भाषेचा कोर्स आहे. परवा फोन करून म्हणाली, "ताई, तू चीनला राहिलीस ना वर्षभर, मग सांग की, रूम आपल्याच पोरींसोबत घेऊ ना? वर्गात पण आपलंच कुणीतरी बघून बसते." मी तिला घाईघाईत "नको" म्हणाले आणि तेवढ्यात तिची बस आली. नुसत्या "नको"वर कोण कशाला ऐकेल, म्हणून माझं प्रकरण सुरुवातीपासून लिहून काढते. वर्गातल्या कुणाचं नाव देत नाही, त्यांना न विचारता देणं बरोबर वाटत नाही.

आधी माझी परिस्थिती सांगते. आमचं घर सोलापुरात साखर पेठेत, वडिलांचं सुताचं छोटं दुकान, आणि काकांकडे टॉवेलचे लूम. लूमचे बरेचसे पार्ट चीनवरून यायचे आणि प्रत्येक वेळी मधल्या दलालावर अवलंबून राहायला लागायचं, पार्ट चुकीचा आला तरी भांडायला भाषाच नाही. त्यावरून माझ्या डोक्यात चिनी शिकायचं आलं. पुण्यात दोन वर्षं क्लास केला, एचएसके म्हणजे चिनीची जी सरकारी परीक्षा असते तिची तिसरी पातळी पास झाले. तेव्हा त्या पातळीला ६०० शब्द लागायचे, ३०० पैकी १८० ला पास. पण एक गोष्ट तेव्हा मला कुणी सांगितली नाही आणि मीही विचारली नाही, की या परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं होतं, बोलणं नव्हतंच! बोलण्याची परीक्षा वेगळी होती, तिचं नाव एचएसकेके. म्हणजे माझ्या हातात सर्टिफिकेट होतं पण चिनी माणसासमोर उभं राहून मी कधी पाच मिनिटं बोलले नव्हते.

सप्टेंबर २०१८ ला शिष्यवृत्तीवर एका वर्षासाठी शिचियाच्वांगला गेले. हे हबेई प्रांताचं मुख्य शहर, बीजिंगच्या दक्षिणेला, फास्ट ट्रेनने दीडेक तास. पर्यटक फारसे जात नाहीत. पण मला ते पहिल्याच आठवड्यात ओळखीचं वाटलं, कारण ते रेल्वेच्या जंक्शनमुळे वाढलेलं गाव आणि त्यात १९५० च्या दशकातल्या मोठ्या सूतगिरण्या, अजून तिथली लोकं भागांची नावं गिरणीच्या नंबरावरून घेतात, गिरणी नंबर एक, गिरणी नंबर दोन. आपल्याकडे गिरणी बंद होऊन जमाना झाला तरी जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू मिल असाच पत्ता सांगतात ना, तसंच.

वर्गात आम्ही सोळा जण होतो. मी आणि अजून एक भारतीय मुलगी, दोघी एका बाकावर, मागे घानाचा एक मुलगा जो इंग्रजी छान बोलायचा. होस्टेलला मजल्यावर भारतातल्या मेडिकलच्या पोरी, त्यांनी मला पहिल्या दिवशी खिचडी करून घातली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण दिवस असा जायचा की सकाळी चार तास वर्ग, त्यात लाओशी म्हणजे बाई बोलणार आणि आपण वहीत लिहिणार, मधल्या सुट्टीत हिंदी, दुपारी इंग्रजी, रात्री घरी फोन मराठीत. चीनमध्ये राहून माझं चिनी बोलणं दिवसाला फार तर पंधरा मिनिटं, तेही मेसमध्ये "हे द्या, ते द्या, मांस नको" एवढंच.

नोव्हेंबरमध्ये सहामाही झाली. लेखी मध्ये ८८ आणि तोंडीला ५८. वर्गात माझा उच्चार वाईट नव्हता, ते मुद्दाम सांगते कारण आपल्या मराठी माणसाला चिनीत एक मोठा फायदा आहे जो फार कमी जणांना माहीत असतो. रोमन अक्षरात जे बी, डी, जी लिहितात ते चिनीत खरं म्हणजे प, त, क आहेत आणि पी, टी, के म्हणजे फ (ओठ मिटून, जोरात हवा सोडून), थ, ख. इंग्रजीतून शिकणारा यात महिनोनमहिने गोंधळतो, आपल्याला प-फ, त-थ, क-ख हे पहिलीच्या बाराखडीपासून वेगळे ऐकू येतात. आणि दुसरं म्हणजे आपले दोन च, चहातला वेगळा आणि चाकातला वेगळा. चिनीत सकाळी भेटल्यावर "चाओ" म्हणतात, त्यातला च बरोब्बर चाकातला, हिंदीवाल्या मैत्रिणीला तो शेवटपर्यंत "जाओ" व्हायचा. तर उच्चार होता, शब्द होते, व्याकरण होतं. समोर माणूस आला की मात्र तोंड उघडायचं नाही, मनात आधी मराठी वाक्य, मग इंग्रजी, मग चिनी, तोवर समोरचा निघून गेलेला.

लाओशींनी निकालाच्या दिवशी मला थांबवून घेतलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, उद्यापासून बाक बदल, ज्या माणसाशी तुला चिनी सोडून दुसऱ्या कुठल्याच भाषेत बोलता येणार नाही त्याच्या शेजारी बस. एवढंच. सोळा जणांच्या वर्गात असे कोण कोण आहेत हे मी पहिल्यांदा मोजलं, सात निघाले, आणि अडीच महिन्यांत त्यातल्या एकाशीही माझं पुरतं दहा वाक्यं बोलणं झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आयींच्या शेजारी जाऊन बसले.

त्या कोरियाच्या, वय ५८, वर्गात सगळ्यात मोठ्या. चिनीत मावशीच्या वयाच्या बाईला "आयी" म्हणतात, पूर्ण वर्ग त्यांना तसंच हाक मारायचा आणि मला दर वेळी ते "आई" असंच ऐकू यायचं. त्या शिकायला का आल्या होत्या तर त्यांच्या मुलीने चिनी मुलाशी लग्न केलंय, थियेनचिन म्हणजे तियानजिन शहरात राहते, आणि चार वर्षांचा नातू फक्त चिनी बोलतो. आजीला नातवाशी बोलता येत नव्हतं. म्हणून स्वतःच्या पैशाने फी भरून होस्टेलच्या छोट्या खोलीत राहून वीस-वीस वर्षांच्या पोरांसोबत पाढे म्हणावे तसे सूर (चिनीत सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो) घोकत बसायच्या, एक दिवस गैरहजर नाहीत.

त्यांचं चिनी माझ्या अगदी उलटं. लहानपणी वडिलांनी आणि शाळेने चिनी अक्षरं शिकवलेली, कोरियन भाषेत कितीतरी शब्द मूळ चिनीवरूनच आलेत, त्यामुळे पेपरचं हेडिंग दाखवलं तर विषय काय ते लगेच सांगायच्या. पण अक्षरं जुन्या वळणाची, चीनने १९५६ पासून जी सोपी केली त्याच्या आधीची. आणि बोलणं म्हणजे शब्दाला शब्द जुळेना, शिवाय कोरियनमध्ये फ-एफ वाला आवाजच नाही, त्यामुळे "छी-फान" म्हणजे जेवण, त्याचं त्या "छी-पान" करायच्या. मी सोलापूरची, मला पान म्हणजे जेवणानंतरचं विड्याचं पान.

पहिला आठवडा फार जड गेला, खरंच. दोघींकडे मिळून हातवारे आणि वही. मी बोलायचे, त्यांना कळायचं नाही, मग त्या म्हणायच्या लिहून दाखव, मी वेडंवाकडं लिहायचे, त्या ते अक्षर ओळखून जुन्या वळणात खाली नीट लिहायच्या आणि मान डोलवायच्या. पण यात एक झालं. मनातल्या मनात मराठीतून इंग्रजीत जायचा मधला रस्ताच बंद झाला, कारण इंग्रजीत पोचून फायदा काय, समोर आयी. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांना शेंगा चटणी आणि कडक भाकरी दिली, आईने दोन बांधे दिले होते. शेंगदाण्याला चिनीत "ह्वा-शंग" म्हणतात, मी म्हणाले आमच्याकडे पण "शेंग", तर त्यांनी वहीत नोंद केली, आणि चटणी भातावर घेऊन अशी खाल्ली की मला घरचं माणूस जेवताना बघितल्यासारखं वाटलं.

आमच्या बाकामागे येमेनचा पोरगा बसायचा. २२ वर्षांचा, सना शहरात दोन वर्षं मेडिकल केलं, मग युद्धामुळे थांबलं, इथे आधी भाषा आणि मग पुन्हा पहिल्या वर्षापासून डॉक्टरकी. अरबीत प नाही, फ-एफ आहे पण प नाही, आणि ओठ मिटून हवेचा फ तर नाहीच, त्यामुळे "फंग-यो" म्हणजे मित्र, तो म्हणायचा "बंग-यो". घरी फोन लागायचा नाही कधी कधी चार चार दिवस. त्या दिवशी तो वर्गात सगळ्यात जास्त बोलायचा. मला ते खूप नंतर लक्षात आलं.

आणि डिसेंबरमधली ती रात्र, जिच्यामुळे हे प्रकरण मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. रात्री अकराला आयींनी दार वाजवलं, उजव्या बरगडीखाली हात धरलेला, चेहरा पांढरा. खाली येमेनचा पोरगा पाणी भरत होता, तोही आला. बाहेर शून्याच्या खाली थंडी, टॅक्सी करून दवाखान्यात. रिसेप्शनला जायच्या आधी "क्वा-हाओ" म्हणजे नंबर लावून केसपेपर काढायचा, ते मला माहीत होतं कारण पाठ होता त्याच्यावर, खिडकीवर मी बोलले. डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली आणि माझे शब्द संपले. दुखतंय, कधीपासून, किती, एवढं जमलं. मग त्यांनी एक प्रश्न तीनदा विचारला आणि मला त्यातला मुख्य शब्दच कळेना. येमेनचा पोरगा म्हणाला, मला माहितेय, माझ्या मेडिकल तपासणीला मला पण विचारलेलं, औषधाची ॲलर्जी आहे का विचारतायत. पण हे त्याने मला सांगितलं चिनीतूनच, हात चोळून, खाज सुटते तसं दाखवून. मी आयींना सांगायला गेले तर "ॲलर्जी" त्यांना ऐकून कळेना. डॉक्टरांनी कागदावर अक्षर लिहिलं. आयींनी वाचलं आणि पेन मागितलं. एका हाताने पोट धरलेलं आणि दुसऱ्या हाताने त्यांनी "नाही" हे अक्षर लिहिलं, जुन्या पद्धतीचं. आजच्या चीनमध्ये ते चार रेघांत होतं, जुन्या वळणात बारा रेघा लागतात, त्यांनी बाराच्या बारा काढल्या, एकेक, हात थरथरत होता तरी क्रम चुकवला नाही. मग त्याच्याखाली दोन अक्षरं, पित्ताशय आणि खडा, आणि दहा वर्षांपूर्वीचं साल. डॉक्टर, वयस्कर होते, त्यांनी कागद दिव्याजवळ धरला आणि लगेच सोनोग्राफीला पाठवलं. पित्ताचा खडाच निघाला. दोन दिवस ठेवून घेतलं, सलाईन, औषध, बऱ्या होऊन वर्गात आल्या.

त्या रात्री बाकड्यावर बसल्या बसल्या मी हिशोब केला. आयींना लिहिता येत होतं, बोलता येत नव्हतं. मला बोलायला येत होतं, दवाखान्यातले शब्द नव्हते. पोराकडे ते शब्द होते पण अक्षर वाचता यायचं नाही. तिघांचं मिळून एकच चिनी झालं आणि ते एका माणसाला पुरलं.

बाकीच्यांचं थोडक्यात. थायलंडची एक मुलगी होती, थाई भाषेत पाच सूर असतात, चिनीत चार, त्यामुळे तिला सूर म्हणजे श्वास घेण्यासारखं. तिने मला शब्द न उच्चारता वाक्य नुसतं गुणगुणायला लावलं, तोंड मिटून, आणि मगच शब्द घालायचे. हे कुठल्याही क्लासमध्ये मला कुणी शिकवलं नव्हतं, आजही फोनवर महत्त्वाचं बोलायच्या आधी मी तसंच करते.

आणि अल्माटीची कझाक ताई. तिकडे लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान, वाचायला जवळपास शून्य पण भाव करायचं चिनी अस्सल. रविवारी मला नान-सान-थियाओच्या होलसेल बाजारात घेऊन गेली, आपला टिळक चौक-मधला मारुती भाग दिवाळीआधी जसा असतो तशी गर्दी. माझ्या हातात काकांनी पाठवलेला टॉवेलचा नमुना, मला तसाच तिथला घ्यायचा होता, मापून बघायला. मी दुकानदाराला म्हणाले मला माइ करायचंय. तर तो माझ्या हातातला टॉवेल घेऊन उलटसुलट बघायला लागला आणि म्हणाला, कितीला देणार? "माइ" सूर खाली दाबला तर विकत घेणे, वरून झपकन पाडला तर विकणे, आणि मी व्यापाऱ्याच्या घरातली असून तोच शब्द चुकवला. ताईने तिथेच, गिऱ्हाइकांच्या मधे उभं राहून हात दाखवला. हात खाली नेऊन माल उचलल्यासारखा स्वतःकडे घेतला, हे घेणं. मग हात वरून खाली आपटला, गठ्ठा समोरच्याच्या पुढ्यात टाकल्यासारखा, हे विकणं. दोनच शब्द, पण काकांच्या धंद्यात दिवसाला पन्नास वेळा लागतात ते आणि पुन्हा कधी चुकले नाहीत.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचे, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या जत्रेचे दिवस आले. घरून व्हिडिओ कॉल, होम मैदानाचा गलका, मागे नंदीध्वज म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या. आयी शेजारी होत्या, विचारलं हे काय. आता सात नंदीध्वज, ६८ लिंगं, सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न, हे सगळं माझ्या तुटपुंज्या शब्दांत कसं सांगायचं? सांगितलं मात्र. "देवाची काठी. मुलीला देवाशी लग्न करायचं होतं. देव म्हणाला माझ्या काठीशी कर. आता दर वर्षी आमचं गाव ते लग्न लावतं." आयींना कळलं. त्यांनी विचारलं, मुलीचे आईवडील काय म्हणाले? आणि आम्ही त्यावर तासभर बोललो, चिनीत, मी अडकले कुठे तेही आठवत नाही.

मग ५ एप्रिल २०१९, छिंगमिंग, त्या दिवशी चिनी लोक पितरांच्या कबरी साफ करून फुलं वाहतात. शिचियाच्वांगच्या शहीद स्मारक बागेत आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. लहानपणापासून भैया चौकातून जाताना त्यांचं घर बघितलेलं, पण तिथे उभं राहिल्यावर वेगळंच वाटलं. जन्म १९१० सोलापूर, १९३८ ला पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जपानशी युद्ध चालू होतं, ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले, वय ३२. आम्ही पाच जण गेलो होतो, आयी, पोरगा, ताई, थाई मुलगी आणि मी. दगडावरचं नाव आयींनी वाचलं, "ख ती-ह्वा", ते त्यांचं चिनी नाव, शेवटचा ह्वा म्हणजे चीन. मी त्यांना सांगितलं की हे माझ्या गावचे, इथे माणसांत राहून चिनी शिकले, चिनीतून शिकवायचे, चिनी नर्सशी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं यिन-ह्वा, यिन म्हणजे भारत. येमेनचा पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, ते घरी परत गेलेच नाहीत? मी म्हणाले नाही. त्याने स्वतः आणलेली फुलं अजून थोडी नीट लावली.

आता हे का चाललं, माझं मत सांगते. दोघांपैकी एकाची जरी भाषा चांगली असेल तर दुसरा गप्प बसतो, इंग्रजी येणाऱ्यासमोर माणूस इंग्रजीत पळतो, आणि चिनी माणसासमोर लाजतो. पण दोघांचंही कच्चं असेल आणि दुसरा रस्ताच नसेल तर लाज जाते, कारण समोरचाही तेवढाच अडलेला. शिवाय दोघंही सावकाश बोलतात. खरं तर मला हे सोलापुरात राहून आधीच कळायला हवं होतं. आमच्या शेजारची तेलुगू अक्का, तिला मराठी जेमतेम, मी पाच वर्षांची असताना तिच्या ओट्यावर बसून बिड्यांच्या पानांशी खेळत तेलुगू शिकले, कुणी शिकवलं नाही. आमच्या पूर्व भागात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशाच ओट्यावर शिकतात पोरं. चीनला जाऊन तेच करायचं होतं फक्त.

तोटाही झाला, तो लपवत नाही. आयींचं "पान" माझ्या तोंडी बसलं, पोराचं "बंग-यो" तर अख्ख्या वर्गाने उचललं, प्रेमाने. मे महिन्यात लाओशींनी आमच्या गटाला आठवड्यातून दोनदा एका चिनी विद्यार्थिनीसोबत बसवलं आणि ती एकेक चूक थांबवून सुधारायची, ते नसतं तर आम्ही पाच जण आपापसात एक वेगळीच भाषा बोलत राहिलो असतो. म्हणून मामेबहिणीला सांगते की वर्गातलं अडलेलं माणूस आणि तिथलं मूळचं माणूस, दोन्ही लागतात, पण या क्रमाने. आणि आपल्या लोकांना तोडायचं नाही, मी रविवारी रात्री खिचडी खायला त्या मजल्यावर जातच होते.

जूनमध्ये तोंडी परीक्षेला ८१. एचएसकेकेची मधली पातळी पण दिली, १०० पैकी ६० ला पास होतं तेव्हा, झाले पास. आता काकांचे पार्ट मी स्वतः मागवते.

जुलैत सगळे पांगले. पाच जणांचा वीचॅट या चिनी मेसेजच्या ॲपवर ग्रुप होता, २०२० च्या जूनमध्ये भारतात वीचॅट बंद झालं आणि तो गेला. नंबर नव्हते, ईमेल नव्हते, आपण कुठे घेऊन ठेवतो. थाई मुलगी आणि ताई कुठे आहेत मला माहीत नाही. पोराचं मेडिकल झालं का माहीत नाही, आणि याची मला रोज नाही पण अधूनमधून खूप हुरहूर लागते. आयींनी मात्र निघताना माझ्या वहीत त्यांचा पत्ता लिहिला होता, जुन्या वळणाच्या अक्षरात. २०२२ च्या दिवाळीआधी मी पत्र टाकलं, चिनीत, आत चटणीची कोरडी पुडी. आई मागून विचारत होती, "काय लिहूलालीस गं एवढं?" दोन महिन्यांनी उत्तर आलं. पहिल्या ओळीत तब्येत, दुसऱ्या ओळीत चटणी पोचली, पुडी फुटून सगळ्या पत्राला वास लागलाय. आणि खाली, नातू आता आठ वर्षांचा आहे, जेवायला बसलो की माझा "फान" सुधारतो.